काट्याचं प्रामाण्य

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, मीटर. त्यात डिझेल पिकअपवाल्यांची एक तक्रार कायमची : "मिस्त्री, काटा पाव टाकी दावतोय आणि गाडी शिरोलीच्या पुलावर बंद." किंवा बरोबर उलट, काटा तळाला टेकलाय आणि टाकीत डिझेल डुचमळतंय. बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं ते त्या वर्गात गर्दी नसायची म्हणून. तेव्हा रटाळ वाटलेला प्रामाण्यवाद दुकानात आल्यावर मात्र रोजच्या कामाचा झाला.

वाद जुना आहे, मीमांसा आणि न्याय या दोन दर्शनांतला. झालेलं ज्ञान खरं, हे कशावरून ठरवायचं? मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते खरंच धरा. खोटं ठरवायला कारण लागतं, खरं ठरवायला नाही. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिकांना हे मान्य नाही. दुरून पाणी दिसलं म्हणून ते पाणीच असेल असं नाही. जाऊन प्यालात, तहान भागली, तर ते ज्ञान खरं. हे परतःप्रामाण्य.

नव्या गाडीचा ड्रायव्हर मीमांसक असतो. काटा अर्ध्यावर आहे ना, मग हाण गगनबावड्याला. एकदा करूळ घाटात गाडी आचके देऊन थांबली की तो नैयायिक होतो. डिझेल गाडीचं हे दुखणं पेट्रोलपेक्षा वाईट. टाकी कोरडी पडली की लाइनीत एअर धरते. कॅनमधून डिझेल ओतलं तरी गाडी लगेच उठत नाही. हातपंप मारत एअर काढत बसावं लागतं, तेही पावसात आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या शिव्या खात. त्यानंतर तो प्रत्येक वेळी टाकी फुल करतो, किलोमीटर लिहून ठेवतो, अ‍ॅव्हरेज काढतो आणि काट्याकडे ढुंकूनही बघत नाही.

काटा खोटं का बोलतो हे टाकीतलं युनिट बाहेर काढलं की कळतं. तारेच्या दांडीला एक फ्लोट, दांडीच्या दुसऱ्या टोकाला बारीक पत्र्याची जीभ, आणि ती जीभ एका काळ्या पट्टीवर घासत जाते. जागा बदलली की विजेचा रोध बदलतो, त्यावर काटा हलतो. पट्टी उजेडात धरली की गंमत दिसते. वरचा भाग नव्यासारखा काळाभोर, आणि खालच्या पावभागात घासून चकचकीत झालेली रेघ. कारण आमचा पिकअपवाला भाडं हातात पडेल तसं पाचशे-हजाराचं डिझेल टाकतो. टाकी बहुतेक वेळ पावाच्या आसपास. जिथं काट्याची खरी गरज, तिथंच तो झिजलेला. अर्थिंगची वायर ढिली झाली तरी वाचन बिघडतं, चढाला टाकीतलं डिझेल मागे सरकलं तरी बिघडतं. टाकी वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची नसली, तर काट्याचा अर्धा म्हणजे डिझेलचा अर्धा नव्हेच.

मग नैयायिकाचं ऐकून सगळं पडताळून घ्यावं का? घ्या. काटा पटत नाही, म्हणून पंपावर टाकी फुल करून किती लिटर बसलं ते बघितलं. पण पंपाचं मीटर कशावरून बरोबर? त्यासाठी पाच लिटरचं माप आहे, गिऱ्हाइकानं मागितलं तर पंपवाल्यानं मोजून दाखवायचं असतं. ते माप कशावरून बरोबर? त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का. शिक्का मारणाऱ्याचं माप? मीमांसकांनी नैयायिकांना नेमकं इथंच धरलं होतं : पडताळणीची पडताळणी कोण करणार? याला ते अनवस्था म्हणतात. कुठंतरी थांबून कुणाचं तरी खरं मानावंच लागतं. उगाच शंका काढत बसणाऱ्याचे सगळे व्यवहार बुडतात, असंही त्यांनी बजावलंय.

2019च्या महापुरात हे मी डोळ्यांनी पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. आकडा तासातासाला वाढत होता, मोबाइलवर सगळ्यांना दिसत होता, आणि माणसं म्हणत होती, "2005ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं." पाणी 55 फुटांच्या वर गेलं. बंधाऱ्यावरची पट्टी खरं सांगत होती; तिच्यावर शंका घ्यायला कुणाकडंही कारण नव्हतं, फक्त जुनी आठवण होती. महामार्ग बंद पडला, दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा लागल्या, शहरात डिझेलची टंचाई झाली. त्या दिवसांत ज्याचा काटा खरा, तो श्रीमंत.

म्हणून माझा कौल मीमांसकांना, पण नैयायिकांचं एक म्हणणं मी सोडत नाही. वात्स्यायनानं न्यायभाष्यात आप्त कुणाला म्हणावं ते सांगितलंय : ज्याला गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशीच्या तशी सांगायची इच्छा आहे, तो. आणि ही व्याख्या ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू, असं तो स्पष्ट म्हणतो. धर्माच्या नावानं शब्दप्रामाण्य, म्हणजे सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास, म्हटलं की लोकांना फक्त पोथी आठवते. वात्स्यायनाचं हे वाक्य कुणी सांगत नाही. शाहू मार्केट यार्डातून कोकणात गूळ नेणारा एक ड्रायव्हर आहे. त्याचा काटा कायम पाव टाकी कमी दाखवतो आणि तो मला हात लावू देत नाही. म्हणतो, "ऱ्हाऊ दे की मिस्त्री, कळतंय मला त्याचं." नेहमी एकाच मापानं चुकणारा काटा भरवशाचा असतो; जो कधी खरा, कधी खोटा, तो मात्र बदलावाच. गाडी विकताना नव्या मालकाला हे सांगशील का, एवढंच मी त्याला विचारलं. तो म्हणाला, सांगीन. माझ्या हिशेबी हा माणूस आप्त.

तुमचा काटा असा लहरी झाला असेल तर गाडी घेऊन या. फक्त टाकी फुल करून आणू नका. ती उतरवायची मला असते.