दुष्काळ कोणी जाहीर करायचा?

जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल याला मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या दुष्काळी मुलखात पाठवले. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या टंचाईत याच टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगवली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका सोसला होता. या वेळी त्याने काटकसर करायचे ठरवले. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी धान्य आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर तो जगेल असा हिशेब त्याने मांडला. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या मजुरीवर खडी फोडण्यापेक्षा काम सोडून जाणे पत्करले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मजुरी कमी पडते की पुरते, हे मजुराने बोलायचे असते हा विचारच त्या काळच्या राज्यकर्त्यांना नवा होता.

त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाने नियम घालून दिले आणि त्यांतून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही, कारण माणसे जगवणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यांनी कागदावर आणले. पण त्या संहितांच्या मुळाशी संशय होता. टंचाईची चिन्हे दिसली की आधी चाचणीची कामे उघडायची. मजुरी अगदी कमी आणि काम जड ठेवायचे. एवढ्यावरही माणसे आली, तर दुष्काळ खरा मानायचा. भुकेल्याने आपली भूक अंगमेहनतीने सिद्ध करायची आणि निकाल साहेबाने द्यायचा.

कामाच्या हक्काच्या इतिहासात माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: संकट आले आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे? दोनशे वर्षांचे जगभरचे वाद या एका प्रश्नाभोवती फिरत आले आहेत. दिवस किती, मजुरी किती, खर्च कोणाचा हे वादही तिथूनच फुटतात.

युरोपने या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर १८४८ मध्ये देऊन पाहिले. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि हंगामी सरकारने प्रत्येक नागरिकाला कामाची हमी देणारा हुकूम काढला. त्यासाठी राष्ट्रीय कार्यशाळा उघडल्या. काही महिन्यांत तिथे नाव नोंदवलेल्यांची संख्या एक लाखावर गेली. एवढ्या हातांना द्यायला उपयोगाचे काम मात्र कोणी आखले नव्हते. जूनमध्ये सरकारने तरुण अविवाहित कामगारांना सैन्यात भरती व्हा नाही तर पॅरिस सोडा, असे बजावले. उठाव झाला, चार दिवस रस्त्यांवर लढाई चालली आणि हजारो माणसे मारली गेली. सप्टेंबरात राजकीय विचारवंत तोकव्हिलने संसदेत कामाच्या हक्काविरुद्ध भाषण केले. सगळ्यांना काम देण्याचे बंधन राज्याने स्वीकारले, तर शेवटी राज्यच सगळ्या उद्योगांचे मालक होऊन बसेल, असे त्याचे म्हणणे होते. हा आक्षेप आजही जिवंत आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यायचे तर हमीची मर्यादा आखावी लागते: किती दिवस, कोणते काम, कोणत्या दराने.

अमेरिकेने १९३० च्या मंदीत दुसरा रस्ता धरला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात १९३५ ते १९४३ दरम्यान सरकारी कामांवर सुमारे ८५ लाख माणसांनी काम केले. रस्ते, पूल, शाळा, उद्याने उभी राहिली. पण जागा किती, हे मंजूर झालेली रक्कम ठरवायची. रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला काम मिळेलच, असे वचन नव्हते. रूझवेल्टने १९४४ मध्ये उपयुक्त आणि पुरेशा मोबदल्याच्या कामाचा हक्क असावा असे सांगितले. पुढच्याच वर्षी पूर्ण रोजगाराचे विधेयक आले. पण १९४६ मध्ये कायदा झाला तेव्हा त्यातली हमी गळून पडली होती आणि सदिच्छा तेवढी उरली होती. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात कामाचा हक्क आला, आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमातही आला. पण ४१ वे कलम मार्गदर्शक तत्त्वांतले आहे, राज्याच्या आर्थिक कुवतीची अट त्यात आहे आणि त्याच्या आधारे कोर्टात दाद मागता येत नाही.

ही कोंडी महाराष्ट्राने फोडली. महाराष्ट्राने अवघ्या जगाच्या धोरणविचारात घातलेली ही भर आहे आणि ती आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६० च्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात एक प्रयोग सुरू केला. ग्रामीण भागात अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला काम द्यायचेच, एवढी साधी त्याची मांडणी होती. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडताना ग्रामीण सार्वजनिक कामांवर भर दिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडी, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. दुष्काळात खाल्लेल्या सुकडी आणि मिलो यांच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, ती घरे या कामांनी जगवली. पिके बुडाली, जनावरे मेली, पण १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने रोजगार हमी सुरू केली. दुष्काळ ओसरल्यावर ती गुंडाळायची नाही, हा खरा निर्णय होता. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ हे ब्रीद आता कायद्याच्या भाषेत आले. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे, नाही देता आले तर बेकारी भत्ता द्यायचा. कामाच्या मापावर मजुरी, बाईला आणि गड्याला एकच दर. पैशासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला कापली जाणारी ती रक्कम माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या मजुराच्या हजेरीपटाशी जोडली गेली.

या कायद्याने दुष्काळ जाहीर करण्याचा अधिकार अंशतः कलेक्टरच्या हातून काढून मजुराला दिला. पिकाची पैसेवारी ५० च्या आत आली की नाही, मंत्रिमंडळाने तालुका यादीत घातला की नाही, यावर आता सगळे अडून राहत नव्हते. ज्या घरात धान्य संपले, त्या घराने अर्ज केला की सरकारचे १५ दिवस मोजायला सुरुवात. दुष्काळ संहितेतही माणसे कामावर येणे ही खूण होती. फरक एवढाच, की तिथे ती परीक्षा होती, इथे तो आदेश झाला.

अर्थात कायद्याने दिलेला हक्क व्यवहारात पोकळ करता येतो. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला येऊन जवळपास दुप्पट झाली. ते न्याय्यच होते. पण त्यानंतर कामावरची उपस्थिती घटली, आणि मागणी असूनही कामे पुरेशी उघडली जात नाहीत, असे अभ्यासकांना दिसले. कायद्यातली हमी मात्र तशीच होती. काम मागायला आलेल्या बाईला ‘नंतर ये’ सांगितले आणि तिच्या अर्जाची पोच दिली नाही, की हमी तिथेच संपते.

२००५ मध्ये हीच कल्पना देशाचा कायदा झाली. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यातून २०० जिल्ह्यांसाठी ती सुरू झाली आणि २००८ पर्यंत सगळ्या ग्रामीण भारतात पोचली. त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता, तशीच राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेची चळवळही होती. गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचायचे आणि खोटी नावे उघडी पाडायची, या तिच्या जनसुनवाईतून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. भ्रष्टाचारावरचा इलाज म्हणून मजुराच्या हाती आणखी अधिकार देणे, ही त्यामागची दिशा मला फार मोलाची वाटते. याउलट पश्चिम बंगालात मार्च २०२२ पासून गैरव्यवहाराच्या कारणावरून केंद्राने निधी रोखला. चूक कार्यालयांतल्या माणसांची आणि मजुरी बुडाली ती मजुरांची.

शेतकऱ्यांचा आक्षेपही खरा आहे. ऐन हंगामात माणूस मिळत नाही, मजुरीचे दर परवडत नाहीत, असे कोरडवाहू शेतकरी सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण तोच अल्पभूधारक उन्हाळ्यात स्वतः या कामांवर जातो. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली, तेव्हा त्याच्याच बांधाआत आंबा, डाळिंब उभे राहिले. मजुराची मजुरी दाबून शेती वाचवण्यापेक्षा मजुरीचा पैसा शेतीच्या कामी लावणे, हे उत्तर महाराष्ट्राने तेव्हाच शोधले होते.

ही कल्पना केवळ गरीब देशांची राहिलेली नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात सूतगिरणी बंद पडल्यावर १९३० च्या सुमारास संशोधकांनी बेकारीचा अभ्यास केला होता. रिकामा वेळ वाढला तरी वाचनालयातून जाणारी पुस्तके कमी झाली होती, रस्त्यावरच्या पुरुषांची चाल मंदावली होती. त्याच गावात २०२० मध्ये दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी कामाच्या हमीचा प्रयोग सुरू झाला. कामाने मजुरी मिळते, तसाच माणसाच्या दिवसाला आकारही येतो, हे त्या जुन्या अभ्यासाने दाखवले होते. नुसते पैसे हाती देऊन हा प्रश्न सुटत नाही, असे मला वाटते ते त्यामुळेच.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे २००५ च्या त्या देशव्यापी कायद्याच्या, जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात वर्षातले हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. त्याच वेळी बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार आला, केंद्राचा वाटा राज्यनिहाय आधी ठरू लागला आणि पेरणी-कापणीच्या काळात ६० दिवस कामे थांबवण्याची सोय झाली. वाढलेल्या २५ दिवसांचे स्वागत करावे. पण रक्कम आधी ठरली की मागणी तिच्या मापाने कापावी लागते. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत हेच झाले, आणि १९८८ नंतरच्या महाराष्ट्रातही हेच झाले. जे राज्य गरीब, त्याच्याकडे कामाची मागणी जास्त आणि स्वतःचा वाटा भरायची ताकद कमी. तिथे कागदावरचे १२५ दिवस गावात किती उतरतील, याची चिंता वाटते.

म्हणून यापुढे कोणत्याही सरकारच्या कोणत्याही रोजगार कायद्याला एकच कसोटी लावावी. मजुराने काम मागितले, की त्या तारखेपासून सरकारवर बंधन सुरू होते का? ते सुरू होत असेल, तर १८७७ पासूनची वाट आपण पुढे चाललो आहोत. ते तिजोरीतल्या शिल्लक रकमेवर अवलंबून असेल, तर आपण पुन्हा टेंपलच्या हिशेबाकडे वळलो आहोत. महाराष्ट्राने ही कल्पना देशाला दिली. तिच्यातल्या ‘मागेल त्याला’ या अर्ध्या भागासाठी आवाज उठवण्याची पहिली जबाबदारीही महाराष्ट्राचीच आहे, आणि ती विधानसभेपासून ग्रामसभेपर्यंत प्रत्येक ठिकाणी पार पाडता येते.