एक खोली, दोन गाद्या

प्रभादेवीच्या खेड गल्लीपासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत गिरणी कामगारांची जी वस्ती नांदली, तिथे नवराबायकोने रोज एका अंथरुणात झोपावं अशी अपेक्षा कोणी धरलीच नव्हती. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत आईवडील, दोन-तीन भाऊ, नवी सून, नोकरी शोधायला गावाहून आलेला एखादा भाचा. रात्री वळकट्या सुटल्या की बायका-पोरं आत, पुरुष गॅलरीत, गच्चीवर नाहीतर मंडळाच्या ऑफिसात. गिरणी तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे रात्रपाळीचा नवरा सकाळी घरी येऊन आडवा होई तेव्हा बायको कधीच उठून नळावर गेलेली असे. नव्या जोडप्याला कपाटाआड किंवा पोटमाळ्यावर साडीचा पडदा लावून आडोसा मिळे, तोही काही दिवसच. त्याआधीच्या गावाकडच्या घरांतही माजघर बायकांचं आणि ओटी-पडवी पुरुषांची. या सगळ्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ती गैरसोय होती आणि तिची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. पण त्यातून एक गोष्ट निश्चित कळते: रोज एका पलंगावर झोपणं ही आपल्याकडच्या संसाराची जुनी खूण नव्हे. डबलबेड आपल्या बहुतेक घरांत आला तो ब्लॉक आणि फर्निचरच्या हप्त्यांबरोबर.

आजही नवराबायकोचं वेगळं झोपणं आपल्या घरांत सर्रास चालतं, फक्त त्याला कारण दुसऱ्या कोणाचं तरी लागतं. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, दोन-चार महिने तिथेच राहते. परत आल्यावर बाळ तिच्या कुशीत आणि नवरा हॉलमधल्या दिवाणावर. सासूबाईंचं ऑपरेशन झालं की सून त्यांच्या खोलीत झोपते. मुलगी दहावीला असली की आई तिच्या सोबतीला जाते. गणपतीत घरभर अंथरुणं पडतात, कोण कुठे झोपलं हे कोणी विचारत नाही. यातलं काहीच कोणाला वावगं वाटत नाही. पण ‘शेजारी हालचाल झाली की मला जाग येते, म्हणून मी वेगळी झोपते’ असं एखादीने म्हटलं, की लगेच ‘काही बिनसलंय का?’ अशी चौकशी सुरू होते. म्हणजे आक्षेप वेगळ्या झोपण्याला नाही. स्वतःच्या झोपेसाठी वेगळं झोपण्याला आहे. माझं म्हणणं असं की झोप हे पुरेसं कारण आहे, त्याला दुसऱ्या कोणाच्या आजारपणाची किंवा परीक्षेची जोड लागू नये.

हे कारण किरकोळ नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांच्या झोपेचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळत होता आणि ७.५ टक्क्यांच्या बाबतीत तो थेट स्लीप अ‍ॅप्नियाचा आजार होता. अशा माणसाच्या शेजारी झोपणारी बाई कोण असते? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवत होत्या. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता. रात्री शेवटी ओटा आवरायचा आणि पहाटे डब्यासाठी कुकर लावायचा, या दोन कामांच्या मधली झोप तरी तिला अखंड मिळायला हवी. आणि मोडलेली झोप एकट्याची राहत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ४३ जोडप्यांवरच्या अभ्यासात, दोघांचीही झोप कमी झाली असेल तर भांडणात कडवटपणा वाढतो असं दिसलं.

याच्या उलट जाणारा पुरावाही आहे. जर्मनीत कील येथे १२ जोडप्यांची झोप मोजली गेली, तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. एकत्र झोपल्यावर त्यांची स्वप्नांची झोप सुमारे १० टक्क्यांनी वाढली आणि कमी तुटली, हातपाय जास्त हलले तरीही. हा निष्कर्ष महत्त्वाचाच आहे, पण ती जोडपी तरुण आणि निरोगी होती. ज्यांना शेजारच्या उबेने गाढ झोप लागते त्यांनी खुशाल एकत्र झोपावं. पन्नाशीला आलेल्या, अंगातून वाफा येतात म्हणून पंखा पाचवर हवा असलेल्या बाईला आणि त्याच पंख्याने सर्दी होणाऱ्या तिच्या नवऱ्याला तो अभ्यास काही सांगत नाही.

सगळ्यात आधी आक्षेप येतो तो जागेचा: मुंबईत उभं राहायला जागा नाही, दोन पलंग कुठे मांडणार? याचं उत्तर टेपने देता येतं. सहा फूट बाय साडेसहा फुटांचा डबलबेड ३९ चौरस फूट जागा घेतो. तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या शेजारी ठेवल्या तर तेवढीच जागा लागते. खालचं स्टोरेज तसंच राहतं, गोधड्या आणि जुन्या बॅगा तशाच मावतात. फरक एवढाच की एकाने कूस बदलली की दुसऱ्याची गादी हलत नाही, आणि पांघरूण ज्याचं त्याचं राहतं. घोरण्यावर मात्र हा उपाय नाही. तिथे दुसरी खोलीच लागते, आणि म्हाडाने गिरणी कामगारांना दिलेल्या २२५ चौरस फुटांच्या घरात ती कुठून आणणार, हा प्रश्न खरा आहे. शिवाय घोरणं अचानक थांबून माणूस दचकून श्वास घेतो, हे शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं. म्हणून अंथरूण हलवण्याआधी डॉक्टर गाठावा.

दुसरा आक्षेप दुराव्याचा. आज अंथरूण वेगळं, उद्या घर वेगळं, अशी भीती घरातली मोठी माणसं बोलून दाखवतात. कायदासुद्धा इतकी घाई करत नाही. मुंबई राज्यातून गेलेल्या बिपिनचंद्र शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली स्पष्ट केलं की नुसतं वेगळं राहणं म्हणजे परित्याग नव्हे. सहजीवन कायमचं संपवण्याचा हेतूही सिद्ध व्हावा लागतो. उलट एकत्र राहण्याची सक्ती केल्याने काय साधतं, हेही मुंबईने पाहिलं आहे. १८८७ साली न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली आणि पुढच्या वर्षी प्रकरण पैसे देऊन मिटलं. सक्तीने संसार उभा राहिला नाही. शरीरसुखाचंही तसंच आहे. शेजारी पडलेली बायको म्हणजे तिची संमती, असं गृहीत धरलं जातं तिथे दोन गाद्यांमधली फट उपयोगाचीच आहे. तिच्यामुळे जवळ येणं ठरवून, विचारून होतं. दिवसभर एकमेकांशी धड न बोलणाऱ्यांना एक पलंग जवळ आणत नाही, हे तर आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत दिसतं.

वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची दोन बेडरूमची घरं मिळाली. प्रभादेवीतल्या जुन्या चाळीही एकेक करून पाडून नव्याने बांधल्या जात आहेत. एक बेडरूम मुलगा-सुनेची, एक नातवंडांच्या अभ्यासाची, असं वाटप ठरतं आणि आई ‘मला गादीवर पाठ दुखते’ म्हणत हॉलमध्ये चटई टाकते. पाठीचं कारण तिला पुढे करावं लागतं, कारण खरं कारण सांगायची सोय नाही. नव्या घरात देव्हारा कुठे, टीव्ही कुठे यावर सगळे तासन्‌तास बोलतात. त्याच बैठकीत कोणाला कशी झोप लागते हेही विचारलं, तर सुताराला माप देताना सहा फुटांऐवजी तीन-तीन फूट सांगायला तिला संकोच वाटणार नाही.