पूर्वजांबरोबर हंसणें

गेल्या हिंवाळ्यांत धानोऱ्यास आमच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. मराठीचे सहकारी रजेवर असल्यामुळें त्यांचा तास आमच्याकडे आला होता, आणि इंग्रजीच्या अध्यापकास मातृभाषेवर बोलण्याची संधि मिळाली म्हणजे त्यास जो उत्साह चढतो तो आम्हांसहि चढला होता. विषय होता मराठी ऐतिहासिक कादंबरी. गड, घोडदौड, स्वामिनिष्ठा, प्राणार्पण अशा पायऱ्यांनीं व्याख्यान वर चढत चाललें होतें. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तेव्हाची माणसं हासतच नव्हती का जी?"

वर्ग हंसला, आम्ही मात्र हंसलों नाहीं. इतिहास ही करमणुकीची बाब नव्हे, असें कांहींसें गंभीर उत्तर देऊन आम्हीं तिला खालीं बसविलें. त्या तासास पुन्हां कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

घरीं आल्यावर मात्र आम्हांस आमचीच लाज वाटली. कारण आमच्या उशाशीं त्या वेळीं जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची एक ऐतिहासिक प्रेमकथा अर्धी वाचून ठेवलेली होती, आणि ती पहिल्या पानापासून हंसविणारी होती. तिला वर्तमानपत्राचें वेष्टण घातलेलें होतें. तें पुस्तकाच्या रक्षणासाठीं आहे असें आम्ही घरांत सांगत असूं, पण घरांतील मंडळींचा त्यावर विश्वास नव्हता. जें आम्ही रात्रीं आवडीनें वाचतों तेंच दिवसा वर्गांत हीन ठरवितों, हें कसें? आणि एखाद्या निरुपद्रवी आनंदावर वेष्टण घालावेंसें आम्हांस कां वाटावें? या प्रश्नांचा विचार वाचकांसमोर करावा म्हणून हा लेख.

प्रथम या कादंबऱ्या कशा असतात तें सांगूं. हेयरबाईंची पहिली कादंबरी १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. आजारी भावाचें मन रमावें म्हणून त्यांनीं ती गोष्ट रचली होती. पुढें त्यांनीं अशा अनेक कथा लिहिल्या, आणि त्यांतील पुष्कळशा १८११ ते १८२० या, इंग्लंडांत युवराज राज्यकारभार पाहत होता त्या, काळांत घडतात. नायक बहुधा कोणी गर्विष्ठ उमराव, नायिका कोणी स्पष्टवक्ती तरुणी. शेवटीं दोघांचा विवाह होणार हें पहिल्या प्रकरणांतच कळतें. पण पोषाख, गाड्याघोडे, बोलण्याची तऱ्हा यांचा अभ्यास इतका कसून केलेला असतो कीं, इतिहासाच्या अभ्यासकासहि तो सहज हंसण्यावारीं नेतां येऊं नये. १९३७ च्या एका कादंबरींत तर त्यांनीं वॉटर्लूची लढाई मोठ्या साक्षेपानें रंगविली आहे.

या कथांचा मोह कशांत आहे? "पलायनांत," असें उत्तर टीकाकार देतात. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. पळूनच जावयाचें तर भविष्यांत किंवा परीराज्यांत जातां येतें; भूतकाळांतच कां जावें? आमच्या मतें कारण असें आहे कीं, भूतकाळ एरव्हीं आपल्या दारीं सावकारासारखा येतो. वडिलांनीं काय केलें आणि तूं काय करीत आहेस, हा हिशेब त्याच्या हातांत असतो. विनोदी ऐतिहासिक कथेंत मात्र तो पाहुण्यासारखा येतो. त्याची पगडी तिरपी झालेली असते, त्याचा घोडा ऐन वेळीं अडतो, आणि तो आपल्यासारखाच कोणावर तरी भाळून फजीत होतो. आदर्श होण्याच्या ओझ्यांतून पूर्वज घटकाभर सुटतात, आणि त्यांच्याबरोबर आपणहि सुटतों.

दुसरें कारण प्रेमासंबंधीं आहे. या कथांतील नायक-नायिका एकमेकांस ओळखतात तीं बहुधा सौंदर्यावरून नव्हे; भरलेल्या दिवाणखान्यांत एकच गंमत दोघांच्याच लक्षांत येते व दोघें एकमेकांकडे पाहतात, तेथें ओळख पटते. ज्या दोघांस एकमेकांच्या दोषांवर समोरासमोर हंसतां येतें, त्यांच्यांत भीति उरत नाहीं. आणि भीति गेली म्हणजे बरोबरी येते. करुणरसांत स्त्री पुरुषासाठीं प्राण देऊं शकते, पण त्याची थट्टा करण्याचा अधिकार तिला विनोदांतच मिळतो. हा लाभ लहान नाहीं.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ ची. तेव्हांपासून हरिभाऊ आपटे, नाथमाधव, आणि स्वातंत्र्योत्तर काळांत रणजित देसाई, ना. सं. इनामदार अशी मोठी परंपरा आहे. या परंपरेंत प्रेम आहे, पण तें बहुधा विरहांत किंवा चितेंत संपतें. १९६२ च्या 'स्वामी'तील माधवराव व रमाबाई कोणास आठवत नाहींत? विनोदहि मराठींत उदंड आहे, पण तो वर्तमानाच्या वाट्यास आला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'सुदाम्याचे पोहे' वाटले ते आपल्या काळच्या रूढींवर. चिं. वि. जोशी तर पालीचे पंडित आणि बडोदें संस्थानच्या दफ्तरखान्यांतले अधिकारी. जुने कागद रोज हाताखालून जात असतांहि त्यांचा चिमणराव जन्मला तो आजच्या पांढरपेशा बिऱ्हाडांत. इतिहास, प्रेम आणि विनोद या तीन नद्यांचा संगम आपल्याकडे क्वचितच झाला.

याचें कारण समजण्यासारखें आहे. आपली ऐतिहासिक कादंबरी परक्या राज्यांत जन्मास आली. हरलेल्या समाजास पूर्वजांची गरज होती ती धीर धरण्यासाठीं. आणि ज्याच्या खांद्यावर डोकें ठेवून रडावयाचें त्याची कोणी थट्टा करीत नाहीं. इंग्रजांस आपल्या उमरावांस हंसणें परवडलें, कारण ते जिंकलेले होते. तरीहि एक गोष्ट विसरूं नये. हरिभाऊंचें गंभीर 'उषःकाल' ज्या साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालें, त्याचें नांव 'करमणूक' असें होतें. इतिहास ही करमणुकीची बाब नव्हे असें त्या मुलीस ऐकवितांना आम्हांस हें आठवावयास हवें होतें.

बरें, त्या काळचें आयुष्य तरी केवळ गंभीर होतें काय? १७६१ च्या पानिपतांत सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढें एक मनुष्य "मीच भाऊ" म्हणून उभा राहिला. कांहीं सरदारांस तो खरा वाटला, कांहींस सोयीचा वाटला. १७७६ सालीं त्यास देहान्त शासन होईपर्यंत हा घोळ चालला. ज्यांनीं त्याच्यापुढें मान लवविली, त्यांची फजिती हा विनोदाचाच विषय आहे. न. चिं. केळकरांनीं १९१३ सालीं या प्रकरणावर 'तोतयाचें बंड' हें नाटक लिहिलें, आणि हास्याची मीमांसा करणारा ग्रंथहि मराठीस त्यांनींच दिला. पण याच प्रकरणांत पार्वतीबाई आहेत. पति गेला हें त्यांनीं मानलें नाहीं. १७८३ सालीं डोळे मिटेपर्यंत त्या सौभाग्यचिन्हें लेवूनच राहिल्या. तोतयाच्या दरबारास आपण हंसतों, आणि पार्वतीबाईंच्या कुंकवाकडे दृष्टि जातांच थांबतों. हें थांबणें कोणीं शिकविलेलें नसतें. हंसण्याची मर्यादा बाहेरून घालावी लागत नाहीं. ती हंसणाऱ्याच्या मनांत असावी लागते, एवढेंच.

परंतु ती सर्वांच्या मनांत असते काय? येथें आमच्या आवडत्या लेखिकेविरुद्धहि साक्ष द्यावी लागते. हेयरबाईंच्या १९५० च्या एका अत्यंत विनोदी कादंबरींत एक यहुदी सावकार येतो. तो घाणेरडा, लोभी, नाकावरून ओळखूं येणारा असा रेखाटला आहे. युरोपांत लक्षावधि यहुद्यांची कत्तल होऊन पांच वर्षेंच लोटलीं होतीं. त्या पानावर आमचें हंसूं थिजलें. उमरावास हंसणारी लेखणी तेथें ज्याला प्रत्युत्तर देतां येत नाहीं अशाकडे वळली होती. शिवाय त्या उमरावांच्या रिकाम्या वेळाचे पैसे कोण भरीत होतें, हेंहि त्या कथा सहसा विचारीत नाहींत.

हा प्रश्न आम्हांस धानोऱ्यांत बसून विशेष जाणवतो. आमचा गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख चांद्याचाच. आणि चांदा वसलें कसें, याची गोंडांत एक परंपरागत कथा आहे. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गांठी होत्या. झरपटीच्या कोरड्या पात्रांतील एका खळग्यांतलें पाणी त्यानें प्यालें व अंगास लावलें, आणि त्या रात्रीं त्यास गाढ झोंप लागली; गांठी गेल्या हें प्रथम राणीच्या ध्यानांत आलें. पुढें एकदां त्यास चमत्कार दिसला: कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा शिकारी कुत्र्याच्या मागें लागला आहे आणि कुत्रा जीव घेऊन पळत आहे! राजा थक्क होऊन घरीं आला, त्यानें राणीस सांगितलें. राणी म्हणाली, ज्या वाटेनें ससा धांवला त्या वाटेनेंच तट बांधा. चांद्याचा तट त्या सशाच्या पावलांवर उभा आहे, असें ही कथा सांगते. वाचकहो, इतिहास, दांपत्यप्रेम आणि विनोद यांचा जो संगम आम्ही ग्रंथांत शोधीत होतों, तो येथें आमच्या उंबरठ्याशीं होता. आणि आम्हीं मात्र "दंतकथा" म्हणून तो वर्षानुवर्षे वगळला होता.

याच तटास १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं खिंडार पाडलें. हेयरबाईंच्या नायिका लंडनांत नृत्य करीत होत्या तीं हींच वर्षें! यापुढें त्या कथा वाचूं नयेत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पण दिवाणखान्यांतील मेणबत्त्यांबरोबर त्या तोफाहि ज्यास आठवतात, तो अधिक चांगला वाचक होय. त्याचें हंसणें कमी होत नाहीं, फक्त तें आंधळें राहत नाहीं.

आमच्या झाडीपट्टींतील सामान्य प्रेक्षक हा विवेक आमच्यापेक्षां सहज करतो. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांपासून गांवोगांव रात्रभर नाटकें चालतात. आमच्याच जिल्ह्यांतील परशुराम खुणे या विनोदी नटास २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. थंडींत घोंगडी पांघरून बसलेला तो प्रेक्षक विनोदावर पोट धरून हंसतो, आणि पुढच्याच प्रवेशांत डोळे पुसतो. पण १८५८ सालीं चांद्यास फांशीं गेलेल्या बाबूराव शेडमाक्यांची कोणीं थट्टा मांडली, तर तो ती चालूं देईल असें आम्हांस वाटत नाहीं. ती जखम अद्याप भरलेली नाहीं. कोणत्या पूर्वजास केव्हां हंसतां येईल, हें त्या पूर्वजाचीं लेंकरेंच ठरवूं शकतात; बाहेरून आलेल्या अध्यापकानें तें ठरवूं नये. हंसा असेंहि सांगूं नये, हंसूं नका असेंहि नाहीं.

पुढच्या आठवड्यांत तोच तास पुन्हां आमच्याकडे आला. आम्हीं वर्गास स्पष्ट सांगितलें कीं, मागच्या खेपेस प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चुकलें होतें. मग त्या मुलीस विचारलें, "बाई, तुझे पूर्वज हंसत होते हें तुला कोठून कळलें?" ती थोडी संकोचली. मग म्हणाली कीं, तिची आजी सशाची गोष्ट सांगते. कुत्रा पळूं लागला कीं आजी स्वतःच इतकी हंसते कीं गोष्ट मध्येंच थांबते. राजा घाबराघुबरा घरीं येतो आणि राणी त्याला शहाणपण सांगते, तेथें ती आजोबांकडे पाहून पुन्हां हंसते. "आणि शेवटीं?" आम्हीं विचारलें. कारण त्या कथेच्या शेवटीं कुत्रा उलटतो व ससा मारला जातो.

"तेव्हा आजी काहीच बोलत नाही, सर," ती म्हणाली. "चुलीत लाकूड सारते."

आमच्या टिपणवहींत 'मोचनगडा'च्या अगोदर आतां तो ससा आला आहे. आणि उशाशीं असलेल्या पुस्तकाचें वेष्टण आम्हीं काढून टाकलें आहे.