मुळशीतली भीमजयंती

मुळशी तालुक्यात एप्रिलच्या मध्यावर दोन तारखा पाठोपाठ येतात. १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती, अवघ्या महाराष्ट्राला पाठ आहे. १६ एप्रिल मात्र तालुक्यातही थोड्यांनाच आठवते. १९२१ साली त्या दिवशी, रामनवमीला, मुळा-निळेच्या खोऱ्यातले मावळे टाटा कंपनीच्या धरणाच्या कामावर चालून गेले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्ये शिकत होते, या लढ्याशी त्यांचा संबंध आला नाही. तरीही या दोन तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत असे मला वाटते. कारण आज याच तालुक्यात, लवळ्याच्या टेकड्यांपासून लवासापर्यंत, विद्यापीठांचे मोठमोठे परिसर उभे आहेत. हजारो मुलेमुली तिथे शिकतात, आणि अशा परिसरांत जयंती होते तेव्हा ती कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या शेजारात होते आहे, हा प्रश्न टाळता येत नाही.

महाविद्यालयीन जयंतीचा साचा आता सर्वत्र ठरून गेला आहे. प्रतिमेला हार, संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन, पाहुण्यांचे भाषण, रक्तदान शिबिर, शेजारच्या गावात स्वच्छता मोहीम, जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्यावाटप. यातले काहीच वाईट नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या मनात खोट नसते, आणि रक्ताची एक पिशवी कुणाचा तरी जीव वाचवतेच. पण हाच कार्यक्रम कोणत्याही थोर पुरुषाच्या जयंतीला जसाच्या तसा चालेल. बाबासाहेबांनी जन्मभर ज्या गोष्टीसाठी भांडण मांडले, तिचा त्यात मागमूस नाही. त्यांनी दया मागितली नाही, हक्क मागितला. गावाला वही देऊन आपण परत येतो, तेव्हा देणारा देणाराच राहतो आणि घेणारा घेणाराच.

झाडूचेच पाहा. मेलेली गुरे ओढण्यासारखी जन्माने गळ्यात पडलेली कामे टाकून द्या, हे बाबासाहेब आपल्या समाजाला कळकळीने सांगत राहिले. त्यांच्या जयंतीला विद्यार्थी तासभर झाडू हातात घेतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आवार झाडायला कंत्राटदाराची बाई येते. तिला १४ एप्रिलची भरपगारी सुट्टी मिळाली का? तिचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळलेल्या माणसाची जयंती आहे ही. त्याच्या तसबिरीपुढे उभे राहून हे दोन प्रश्न विचारायला काहीच हरकत नसावी.

अमेरिकेतही हेच घडते आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी हा राष्ट्रीय सेवेचा दिवस ठरवणारा कायदा तिथे १९९४ मध्ये झाला, आणि विद्यापीठांचे विद्यार्थी त्या दिवशी भिंती रंगवतात, अन्नवाटप करतात. किंग यांची हत्या झाली ती ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिस शहरात. तिथे ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते, त्यानंतर तो संप पेटला होता. मागणी पगाराची, युनियनच्या मान्यतेची आणि माणूस म्हणून वागवण्याची होती.

आपल्याकडे पुण्यात सिंबायोसिस संस्थेने बाबासाहेबांचे संग्रहालय उभारले आहे. त्यांच्या पत्नी माईसाहेब आंबेडकरांनी सोपवलेल्या वस्तू तिथे जपल्या आहेत. त्यात बाबासाहेबांचे व्हायोलिन आहे. ते पाहताना मला दर वेळी भरून येते, कारण इतक्या झगड्यात या माणसाने सुरांसाठीही वेळ काढला. हे संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याला सेनापती बापटांचे नाव आहे, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती मुळशीच्या सत्याग्रहात. याच संस्थेच्या विद्यापीठाचा मोठा परिसर मुळशी तालुक्यात, लवळ्याला आहे. म्हणजे लवळ्याहून संग्रहालय पाहायला निघालेला विद्यार्थी मुळशीच्या लढ्याच्या नेत्याचे नाव असलेल्या रस्त्यावर उतरतो. ही गोष्ट त्याला कुणीतरी सांगायला हवी.

सांगायची तर पुरती सांगावी. सुमारे पन्नास गावांवर पाणी येणार होते. विनायकराव भुस्कुटे आणि बापट यांनी लोकांना उभे केले, बायकाही तुरुंगात गेल्या. पण जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा कागदोपत्री मालक असलेल्या पुण्याच्या सावकारांचे आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या मावळ्याचे हित एक राहिले नाही. ज्याचे नाव कागदावर नव्हते तो सर्वांत आधी बुडाला. १९२४ पर्यंत लढा ओसरला, धरण झाले, आणि मुळेचे पाणी डोंगरातून भिऱ्याच्या वीजघरावर पडून मुंबईला वीज देऊ लागले.

कागदावर नाव नसण्याचे हे दुखणे मुळशीत अजून जिवंत आहे, आणि सर्वांत जास्त ते कातकरी आदिवासींच्या वाट्याला आले आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून कुटुंब इथले असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे. आता ज्या कुटुंबाचे आजे-पणजे कोळशाच्या भट्टीवर आणि वीटभट्टीवर फिरत राहिले, शाळेच्या पटावर ज्यांचे नाव कधी चढले नाही, घराखालची जागाही ज्यांच्या नावावर नाही, त्यांनी १९५० चा कागद आणायचा कुठून? स्थानिक चौकशीची वाट नियमांत आहे, पण ती मागावी लागते, अर्ज लिहावा लागतो, पौडच्या तहसील कचेरीत पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि दर खेपेला मजुरीचा दिवस बुडतो. दाखला नाही म्हणून वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही, आणि दहावीनंतर मूल पुन्हा भट्टीवर.

कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना याहून चांगला अभ्यास कोणता? एका वाडीची वंशावळ लिहून काढायची, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळायच्या, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, नाकारलेल्या अर्जावर अपील करायचे. हे एका दिवसात उरकत नाही. वर्ष लागते, कधी दोन. एक तुकडी शिकून बाहेर पडली की पुढच्या तुकडीने ती फाईल हातात घ्यावी.

दयेऐवजी हक्काचा हाच रस्ता बाबासाहेबांनी स्वतः धरला होता. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महाराज उदार होते, त्यांचे ऋण बाबासाहेबांनी मानले. पण एका राजाच्या उदारतेवर एकच मुलगा शिकतो, आणि करारानुसार नोकरीला बडोद्याला परतल्यावर त्याच मुलाला शहरात राहायला कुणी जागा दिली नाही. सत्तेच्या जागेवर आल्यावर त्यांनी सरकारकडून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी पैशाची तरतूद करून घेतली. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. जे एकाला कृपेने मिळाले ते हजारोंना मागून घेता यावे, अशी व्यवस्था उभी राहिली.

ही शिष्यवृत्ती मागून घेण्यातच आज मुले अडकतात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली निघते, बँक खाते आधारशी जोडलेले नसते, अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर पडून राहतो, आणि इकडे फीचा तगादा सुरू होतो. म्हणून माझे मागणे साधे आहे. जयंतीच्या मंडपात रक्तदानाच्या टेबलाशेजारी या अर्जांचे एक टेबल लावा. आसपासच्या वाड्यांतल्या दहावी-बारावीच्या मुलांना तिथे बोलवा. अडकलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद वहीत करा, कोणत्या कचेरीत काय राहिले ते लिहा, आणि ती वही दर महिन्याला कुलगुरूंच्या टेबलावर ठेवा.