कशाच्या मानाने?

आमची नात यंदा सातवीत आहे. गेल्या रविवारी तिने दर्पण कॉलनीतील आमच्या घराच्या प्लॉटचा नकाशा काढावयास घेतला. शाळेतून तसा गृहपाठच होता. प्लॉट पन्नास फूट लांब आणि तीस फूट रुंद. फुटास एक सेंटीमीटर धरला तर कागद पुरेना. तेव्हा तिने लांबीतून पंचवीस वजा केले, रुंदीतूनही पंचवीस वजा केले, आणि पंचवीस सेंटीमीटर लांब व पाच सेंटीमीटर रुंद अशी एक पट्टी काढून आम्हांस आणून दाखविली. आमचे घर दौलतगंजातल्या एखाद्या बोळासारखे दिसू लागले होते. आम्हांस हसू आले, तशी ती रागावली. म्हणाली, “आजोबा, दोन्हींतून बराबर तर कमी केले!” (हा ‘बराबर’ आपल्या ग्वाल्हेरी मराठीतला. तो सुधारण्याचा नाद आम्ही केव्हाच सोडला आहे.)

गणित शिकविणाऱ्यांस हा घोटाळा चांगला परिचित असतो. गुणोत्तर नव्याने शिकणारी मुले जेथे पट पाहावयाची तेथे फरक पाहतात. पन्नासाचे पंचवीस झाले म्हणजे निम्मे झाले. मग तिसाचे पंधरा व्हावयास हवेत, पाच नव्हेत. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकली होती. ते सारे गुणोत्तराचेच पाढे होते, पण त्यांस त्या नावाने कोणी ओळखत नसे. नातीला ही गोष्ट पाच मिनिटांत पटली. आम्हांस मात्र त्या रात्री लवकर झोप आली नाही. सारखेच कमी केले, म्हणजे न्यायच केला, अशी तिची जी समजूत होती, तीच समजूत उराशी धरून आम्ही सरकारी कागदावर एकदा सही केली होती.

ही १९९० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा नायब तहसीलदार होतो. तहसिलीचे नाव सांगण्याचे कारण नाही. सीमांकनाचे एक प्रकरण आमच्यापुढे आले. दोन शेते एकास एक लागून. एक चार हेक्टरांचे, दोनशे मीटर लांब व तितकेच रुंद. दुसरे भावाभावांच्या वाटण्यांतून उरलेली पट्टी, लांबी तीच दोनशे मीटर, पण रुंदी अवघी वीस. खसऱ्यात त्याचा रकबा ०.४०० हेक्टर लिहिलेला होता. पट्टीवाल्याचे म्हणणे असे, की मोठ्या शेताचा मालक दर वर्षी थोडा थोडा बांध नांगरत आला आहे आणि आता दोन मीटर आत सरकला आहे.

गावाचा नकाशा एकास चार हजार या प्रमाणाचा होता. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर चाळीस मीटर, आणि अर्धा मिलीमीटर दोन मीटर. नकाशावरची शाईची रेघच अर्ध्या मिलीमीटरची. राजस्व निरीक्षकाने अहवाल दिला, की तक्रारीतील अंतर रेघेच्या जाडीत येते, नकाशावरून निर्णय करता येत नाही. आम्ही टेबलावर पट्टी ठेवून स्वतः पाहिले. अहवालात खोट नव्हती. मग आम्ही लिहिले, की फरक नगण्य आहे, सबब कब्जा आहे तसा राहावा. दोन्ही पक्षांस सारखेच वागविले, असे आम्हांस मनापासून वाटले होते.

तो माणूस हुकूम ऐकून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “साहब, आपकी लकीर के नीचे मेरी नौ कतारें दब गईं।” गव्हाच्या नऊ ओळी. आम्ही पुढची फाईल उघडली.

त्या दोन मीटरांचा हिशेब आम्ही पुढे पुष्कळदा केला आहे. दोनशे मीटर लांबीवर दोन मीटर म्हणजे चारशे चौरस मीटर. मोठ्या शेताचा तो शंभरावा भाग, पट्टीचा दहावा. आम्ही ‘नगण्य’ हा शब्द लिहिला तेव्हा तो कशाच्या मानाने लिहिला? नकाशाच्या मानाने. कागद एवढा मोठा, रेघ एवढीशी! ‘त्या मानाने’ हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, आणि ते मान कोणते हे विचारावयाचे राहून जाते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात न्यायाचे दोन प्रकार सांगितले आहेत. वाटप करावयाचे असेल तेथे प्रमाण पाहावे. पण एकाने दुसऱ्याचे घेतले असेल तेथे माणसे लहानमोठी धरू नयेत, केवळ बेरीज-वजाबाकी करावी आणि घेतलेले परत करावे. मग सीमेच्या तंट्यात दहावा भाग आणि शंभरावा भाग आणावाच का? चार हेक्टरवाल्याचे दोन मीटर हे त्याचे नव्हेत काय? आम्हांस हे मान्य आहे. पट्टी कोणाची, हे कोण गरीब यावरून ठरू नये. पण ती कोणाची हे शोधण्यासाठी अधिकाऱ्याने किती श्रम घ्यावेत, हे मात्र ज्याचे अधिक जाणार त्याच्या मानानेच ठरले पाहिजे. आमचा दोष निकालात नसेलही. तो निकालाआधीच्या त्या अर्ध्या दिवसात आहे, जो आम्ही वाचविला. जरीब घेऊन शेतावर जावयाचे, पट्टीची रुंदी चार ठिकाणी मोजावयाची आणि खसऱ्यातील रकब्याशी ताडून पाहावयाची. वीस मीटर भरली असती तर तक्रार खोटी. अठरा भरली असती तर रेघ जे सांगू शकत नव्हती ते शेतानेच सांगितले असते.

‘प्रमाण’ हा आपल्या भाषेतला शब्द मोठा फसवा आहे. माप म्हणजेही प्रमाण आणि पुरावा म्हणजेही प्रमाण. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. कचेरीत बसून आम्ही नकाशा हे पाचवे मानले आणि पहिले विसरलो.

पुन्हा मोजण्याचा कंटाळा न करण्याचे उदाहरण शोधावयास आपल्याला फार लांब जावे लागत नाही. विदिशा जिल्ह्यातील सिरोंज येथे जॉर्ज एव्हरेस्टने १८२४-२५ मध्ये साखळीने एक आधाररेषा मोजली. काही मैलांची ती एक रेषा. बाकी सारे त्रिकोणांचे कोन आणि गुणोत्तरे. या पद्धतीत आधाररेषेत शंभरात एक चूक झाली तर तिच्यावरून काढलेल्या प्रत्येक अंतरात शंभरात एक चूक उतरते, मग ते अंतर चार मैलांचे असो की चारशेंचे. पोलादी साखळी उन्हाने लांबते. म्हणून १८३७-३८ मध्ये तीच रेषा पितळ व लोखंड यांच्या जोडपट्ट्यांनी पुन्हा मोजली गेली. एका धातूचे वाढणे दुसऱ्याच्या वाढण्याने फिटावे अशी त्यांची रचना होती. हे सर्व साम्राज्याच्या सोयीसाठी चालले होते, कोणा शेतकऱ्याच्या कणवेने नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही बारा-तेरा वर्षांनी त्याच माळावर परत जाणे आम्हांस लाजविते. आमचे शेत तर तहसिलीपासून जीपने तासाभराच्या वाटेवर होते.

तीन महिन्यांनी आमची बदली झाली. पट्टीवाल्याने अपील केले की नाही, हे आम्ही विचारले नाही.

नकाशा लहान करतो हा काही त्याचा दोष नव्हे. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या सर्वेक्षण पत्रकावर आपला अडीच-तीन किलोमीटरांचा किल्ला पाच-सहा सेंटीमीटरांत बसतो, आणि आमचा पन्नास फुटी प्लॉट पेन्सिलच्या टोकाखाली नाहीसा होतो. रेल्वेमार्ग आखणाऱ्यास आमच्या प्लॉटशी कर्तव्य नसते, आणि ते योग्यच आहे. आमच्या तुळशीवृंदावनाचा तंटा त्या पत्रकावर सोडविण्यास कोणी बसला, तर मात्र त्याचा हात धरला पाहिजे.

नातीने परवा दुसरा नकाशा काढला, दोन फुटांस एक सेंटीमीटर. पंचवीस लांब, पंधरा रुंद. घर घरासारखे दिसले. पण ती गप्प बसेना. “आजोबा, शेजारच्या काकांची आणि आपली भिंत नऊ इंचांची आहे ना? म्हणजे पाऊण फूट. मग ती इथे जवळजवळ चार मिलीमीटर हवी. मी तर एकच रेघ मारली. भिंत कोणाच्या भागात दाखवू?”

अर्धी त्यांची, अर्धी आपली, असे आम्ही म्हणणार होतो. पण ती भिंत नऊ इंचांची आहे हे आम्ही इतकी वर्षे नुसते ऐकत आलो आहोत. नातीला पट्टी खाली ठेवावयास सांगितले आणि मोजण्याची टेप कोठे ठेवली आहे ते पाहण्यास आम्ही उठलो.