आघाडीवर असताना थांबणं

१३ कोटी ५० लाख युरो. मे २०२२मध्ये स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात एक गाडी एवढ्याला विकली गेली. लिलावात तोवर कुठल्याच गाडीला इतकी किंमत आली नव्हती. गाडी १९५५ची, ३०० एसएलआर. तिच्या छप्परवाल्या रूपाच्या दोनच गाड्या बनल्या, त्यातली एक. ती शर्यतीत कधी उतरलीच नाही. उतरली ती तिची बिनछपराची भावंडं, आणि मला पडलेला प्रश्न त्यांच्याबद्दलचा आहे.

गाडी म्हणून ती अफाट होती. तीन लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडर असलेलं इंजिन. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं. ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. वजन कमी राहावं म्हणून शरीर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. १ मे १९५५ला स्टर्लिंग मॉस आणि त्याला हाताच्या खुणांनी वळणं सांगणारा पत्रकार डेनिस जेन्किन्सन यांनी इटलीतली मिल्ले मिलिया शर्यत १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. सुमारे १६०० किलोमीटर, तेही साध्या रस्त्यांवरून.

सहाच आठवड्यांनी, ११ जूनला, ल मान्सची २४ तासांची शर्यत. मर्सिडीजने एका गाडीवर पिएर लेवेग या ४९ वर्षांच्या फ्रेंच चालकाला घेतलं होतं. १९५२मध्ये हाच माणूस दुसऱ्याला चाक न देता जवळजवळ २३ तास एकटा गाडी हाकत आघाडीवर होता. शेवटच्या टप्प्यात इंजिन गेलं आणि जिंकली मर्सिडीज. युद्ध संपून दहाच वर्षं झालेल्या फ्रान्समध्ये जर्मन गाडीत फ्रेंच माणूस बसवणं यात मैत्रीचा हात किती आणि हिशोब किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माइक हॉथॉर्नने पिटमध्ये जाण्यासाठी आपल्या जॅग्वारला ब्रेक मारला. मागच्या लान्स मॅक्लिनने त्याला चुकवायला गाडी बाजूला घेतली. तिच्या मागच्या भागावर लेवेगची गाडी चढली, हवेत उडाली आणि बांधावर आदळून फुटली. इंजिन आणि पुढचे भाग सुटून थेट गर्दीत घुसले. लेवेग आणि ८०हून अधिक प्रेक्षक मेले. मॅग्नेशियम पेटलं होतं. पाणी मारलं तशी आग आणखी भडकली.

शर्यत थांबली नाही. आयोजकांचं म्हणणं असं की लाखोंची गर्दी एकदम बाहेर पडली तर रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील. हे कारण खोटं वाटत नाही. पण ते फार तर त्या संध्याकाळपुरतं होतं. रात्री रस्ते मोकळे झाल्यावर त्याची मुदत संपली, तरी शर्यत दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत चालली आणि हॉथॉर्नचीच जॅग्वार जिंकली. तात्पुरत्या कारणावर कायमचा निर्णय उभा करणं आपल्याला किती सहज जमतं!

मर्सिडीजने मात्र मध्यरात्रीनंतर, पावणेदोनच्या सुमाराला, स्टुटगार्टहून परवानगी मिळवून उरलेल्या गाड्या माघारी बोलावल्या. तेव्हा फांजिओ आणि मॉसची गाडी पहिली होती. माघार घ्या असा आग्रह धरणाऱ्यांत लेवेगचा जोडीदार, अमेरिकन चालक जॉन फिच होता. त्याचा एक मुद्दा असा की एवढे लोक फ्रेंच भूमीवर मेल्यानंतर जर्मन गाडी जिंकली तर जग काय म्हणेल?

मग ती माघार शोकाची की प्रतिमेची? कांटचा एक दुकानदार आहे. तो लहान मुलालाही जास्त भाव लावत नाही, पण नाव खराब होऊ नये म्हणून. कांट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. माणसाच्या बाबतीत मला हे पटतं. कंपनीला लावताना मात्र अडतं, कारण कंपनीचा हेतू म्हणजे फोनवरच्या चार-पाच माणसांच्या हेतूंचं मिश्रण. तिथे मी हेतूपेक्षा तिने काय सोडलं ते बघतो. त्या रात्री तिने हातातला विजय सोडला. हंगाम मात्र सोडला नाही. सप्टेंबरमध्ये डंड्रॉडच्या शर्यतीत इतर गाड्यांचे तीन चालक मेले, तिथे मर्सिडीज जिंकली. ऑक्टोबरमध्ये टार्गा फ्लोरिओ जिंकून विश्वविजेतेपदही घेतलं आणि मग शर्यतींना रामराम ठोकला. म्हणून त्या माघारीला मी अर्धे गुण देतो. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही, हेही खरं.

चौकशीत कुणा एका चालकाला दोषी धरलं गेलं नाही. शर्यत सुरू झाली १९२३मध्ये, गाड्या आल्या १९५५च्या, आणि पिटसमोरचा रस्ता त्यांच्या वेगाला पुरणारा नव्हता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही भाषा ओळखीची आहे. सिस्टिम पडली की माणसाला दोष न देता कारणं शोधायची. पद्धत चांगलीच आहे, नाहीतर लोक खरं सांगत नाहीत. पण ‘दोष कुणाचा नाही’वरून ‘देणं कुणाचं नाही’वर आपण फार पटकन उडी मारतो. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. एका लॉरीचालकाच्या गाडीखाली, त्याची काहीही चूक नसताना, मूल येतं. ‘माझी चूक नव्हती’ हे त्याने म्हटलं तर ते खरंच आहे. पण तेवढं म्हणून तो निवांत जेवायला बसला, तर आपण त्याच्यापासून दोन हात लांब सरकू.

फिच त्या अपघाताच्या वेळी चाकावर नव्हता, पिटमध्ये आपल्या पाळीची वाट बघत होता. त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. पुढे त्याने रस्त्याकडेच्या खांबांपुढे आणि पुलांच्या टोकांपुढे ठेवायची वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिंपं बनवली. गाडी आदळली की पिंपं फुटतात, वाळू उडते आणि धक्का हळूहळू जिरतो. अमेरिकेतल्या महामार्गांवर ही पिवळी पिंपं आजही दिसतात. ती चालतात की नाही हे तपासायला सुरुवातीला फिच स्वतःच गाडीत बसून त्यांच्यावर आदळत असे.