कामातून सुटलेला ट्रॅक्टर

इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा फार्मॉल एम हा ट्रॅक्टर १९३९ ते १९५२ या काळात बनत होता. चार सिलिंडर, लाल रंग, अश्वशक्ती चाळिशीच्या आसपास. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात एका पिढीनं त्यावर शेती केली. आज असा एखादा एम शेडमधून बाहेर निघतो, तेव्हा बऱ्याचदा त्याला नांगर लावायचा नसतो. त्याला ट्रॅक्टर पुलिंगच्या स्पर्धेत उतरवायचं असतं.

त्यासाठी त्याचं काय काय करतात ते बघा. सिलिंडरमध्ये मोठे पिस्टन बसवतात. कंपनीनं इंजिनाच्या फेऱ्यांना घातलेली मर्यादा वाढवतात. मागच्या टायरच्या नक्ष्या कापून धारदार करतात, म्हणजे त्या मातीत रुततात. तोंड उचललं जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी वजनं टांगतात. एवढं झाल्यावर हा ट्रॅक्टर शेतात घातला तर जमीन दाबून टाकेल आणि पेट्रोल ढोसेल. थोडक्यात, ज्या कामासाठी तो जन्माला आला त्या कामाचा तो उरत नाही.

मग प्रश्न पडतो. अवजाराला त्याच्या कामातून काढून निव्वळ जोर दाखवायला लावणं, हा त्याचा मान की अपमान? आणि त्याला ‘वाया घालवणं’ म्हणायचं का?

या खेळाची एक जुनी घोषणा आहे : रविवारी ओढा, सोमवारी नांगरा. सुरुवातीला ते खरंही होतं. शेतावरचाच ट्रॅक्टर जत्रेत यायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला जायचा. प्रत्येक गावाचे नियम वेगळे. १९६९ मध्ये आठ राज्यांतले लोक एकत्र बसले, नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन झाली आणि नियम एक झाले. पुढे लोकांनी एकाच चौकटीवर दोन, तीन, चार इंजिनं चढवली. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची ॲलिसन इंजिनंसुद्धा या मैदानात आली. आता वरच्या वर्गातली यंत्रं सोमवारी ट्रेलरवर चढून घरी जातात. नांगराशी त्यांचा संबंध नावापुरता.

पण मला या खेळात सगळ्यात विचार करायला लावते ती ट्रॅक्टरपेक्षा मागची स्लेज. तिची मागची बाजू चाकांवर असते आणि पुढची बाजू म्हणजे जमिनीवर घासणारा लोखंडी तवा. वजनाची पेटी सुरुवातीला मागे, चाकांवर असते. ट्रॅक्टर पुढे निघाला की स्लेजची चाकंच त्या पेटीला पुढे सरकवत नेतात. जितकं ओढाल तितकं वजन तव्यावर येतं आणि घर्षण वाढतं. पूर्ण अंतर साधारण ३०० फूट. बहुतेक जण त्याआधीच थांबतात. म्हणजे तुमच्या स्वतःच्या पुढे जाण्यानंच तुमचं ओझं वाढत जाईल, अशी ही रचना आहे. (नोकरी करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.) शेतातलं ओझं असं नसतं. तिथे कधी जमीन कडक, कधी पाऊस जास्त, कधी भाव नाही, आणि हरल्यावर कोणी फूट मोजून सांगत नाही की तुम्ही कुठपर्यंत पोचलात. शेतकरी माणसाला हा खेळ का आवडत असेल, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

म्हणून ‘वाया घालवणं’ हा आरोप मला पटत नाही. पुण्यात कोणी जुनी जावा किंवा राजदूत गाडी खोलून, लाखभर खर्चून चकचकीत केली तर आपण त्याला पॅशन म्हणतो. गावातल्या पोरानं ट्रॅक्टरवर तेच केलं की लगेच ‘नसते उद्योग’. उपयोगाचा हिशोब फक्त शेतकऱ्याकडेच का मागायचा?

आपल्याकडचं उदाहरण बैलांचं. शर्यतीचा खिलार बैल अनेक ठिकाणी नांगराला जुंपतच नाहीत, त्याला फक्त पळवण्यासाठी सांभाळतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये या शर्यती थांबवल्या आणि मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांतला सगळा वाद बैलाच्या वेदनेभोवती होता. ट्रॅक्टरला वेदना नाही. मग विषय संपला का?

नाही, कारण यंत्राजवळ माणूस असतो. पंजाब-हरियाणात ‘टोचन’ नावाचा प्रकार चालतो. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून बांधतात आणि कोण कोणाला फरपटत नेतो ते बघतात. पिंजोरच्या एचएमटी कारखान्यातल्या ५९११ मॉडेलला त्यात मोठा मान. कारखाना बंद झाला, तरी ५९११ ची शान कमी झाली नाही. ट्रॅक्टरचे स्टंट हा त्याच हौसेचा दुसरा चेहरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात असा स्टंट करताना एका तरुणाचा जीव गेला आणि पंजाब सरकारनं ट्रॅक्टर स्टंटवर बंदी घातली. ट्रॅक्टर शेताचा राजा आहे, त्याला यमदूत बनवू नका, अशा आशयाचं आवाहन मुख्यमंत्री भगवंत मान यांनी केलं.

अमेरिकेतल्या त्या फार्मॉलकडे परत बघितलं तर फरक कळतो. तिथे मोठ्या पिस्टनसोबत आणखीही काही बसवावं लागतं. तोंड उचललंच तर ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणून मागे टेकणाऱ्या दोन भक्कम दांड्या. स्लेजला बांधलेली एक दोरी, साखळी तुटली की ती खेचली जाते आणि इंजिन बंद पडतं. साखळी अडकवायच्या जागेची उंचीसुद्धा ठरलेली, बऱ्याच वर्गांत जास्तीत जास्त २० इंच. जोर वाढवणाऱ्यानं तो थांबवायची सोयही करायची, हा तिथे प्रवेशाचा नियम आहे. मला नैतिक प्रश्न इथे आहे असं वाटतं. हौस तीच असते. गावच्या मैदानात ती दोरी नसते, आणि दोरावरून उडी मारत व्हिडिओ काढणारी पोरं दहा फुटांवर उभी असतात.

दुसरी गोष्ट पैशाची. शेडमधला एम कामातून सुटलेला आहे, त्याच्यावर कोणाचं पोट नाही. पण हप्ते चालू असलेला, घरातला एकुलता एक ट्रॅक्टर टोचनला नेला आणि गिअरबॉक्स फुटला, तर पेरणीच्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर शोधत बाप फिरतो. सातबारा त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर, पणाला लावलं मात्र मुलानं. इथे ‘माझा ट्रॅक्टर, माझी मर्जी’ हे वाक्य मला मान्य नाही, कारण तो ट्रॅक्टर अजून पूर्णपणे त्याचा झालेलाच नसतो.

तो बापाला विचारून नेला असेल तर? तर माझी हरकत बरीच कमी होते. पण किती घरांत मुलगा खरंच विचारतो, आणि मुलानं चारचौघांत शब्द दिलेला असताना किती बापांना नाही म्हणता येतं?